खुर्चीवरचा टॉवेल

सहसंचालकाची खुर्ची आता आपलीच, हे महेशराव आहेरांनी ज्याला सांगितलं नव्हतं असा माणूस नाशकात शोधूनही सापडला नसता! भाजीवालीला माहीत होतं, दाढी करणाऱ्याला माहीत होतं. पंचवटीतल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा शेजाऱ्यांचा पाहुणा त्यांच्यासोबत अडकला, तर लिफ्ट सुरू होईपर्यंत त्यालाही सगळी हकिकत सविस्तर ऐकावी लागली. बिचारा पळणार कुठे!

"अहो, माझ्याशिवाय शासन बसवणार कुणाला? माणूस आहे का दुसरा?" असं विचारून महेशराव स्वतःच हसायचे.

ते शेतमाल साठवणूक संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात उपसंचालक होते. कांदा सडू नये याची काळजी वाहायला सरकारने हे ऑफिस काढलेलं. कांदा सडायचा तो सडायचाच, पण ऑफिस काळजी अगदी नियमित वाहायचं, शनिवार-रविवार सोडून. तिथले सहसंचालक नुकतेच निवृत्त झाले होते आणि ज्येष्ठतेने पुढचा नंबर महेशरावांचा होता.

आता ज्या भाग्यवंतांनी सरकारी ऑफिस आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे खुर्ची मोठी का लहान हे गादीवरून कळत नाही. ते कळतं पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलवरून! या ऑफिसात टॉवेलचा मान फक्त सहसंचालकांना. त्या टॉवेलला कुणी तोंड पुसत नाही, हात पुसत नाही. तो नुसता असतो. बऱ्याच साहेबांचंही तसंच असतं म्हणा.

तर महेशरावांनी मेन रोडवर जाऊन स्वतःचा टॉवेल आणून ठेवला होता. पांढराशुभ्र, जाडजूड, कडेला बारीक निळी रेघ. दुकानदाराने चार दाखवले, तेव्हा यांनी प्रत्येक टॉवेल खुर्चीला घालून, स्वतः टेकून पाहिला होता. मग तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, डांबरगोळ्या घालून ऑफिसातल्या आपल्या लोखंडी कपाटात ठेवला. तिकडे नांदगावला त्यांच्या आई कुसाबाई काही कमी नव्हत्या. त्यांनी पुतण्याला कामाला लावून फ्लेक्सच छापून घेतला, 'सहसंचालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यावर महेशरावांचा फोटो एवढा मोठा, की एसटीतून उतरणारा माणूस दचकावा.

आणि तेवढ्यात शासनाचा आदेश आला.

आदेशात म्हटलं होतं, की प्रशासनाला नव्या विचारांची गरज असल्याने काही वरिष्ठ पदांवर आता बाहेरच्या क्षेत्रातले तज्ज्ञ करारावर थेट नेमण्यात येतील. नाशिकच्या सहसंचालकपदी श्री. सार्थक बेलसरे यांची नेमणूक झाली होती. अनुभव : बंगळूरच्या एका आइस्क्रीम कंपनीत साठवणूक प्रमुख.

"आइस्क्रीम?" महेशरावांचा आवाज चिरकला. "अहो तेजलताई, आइस्क्रीम? आपल्याकडे कांदा आहे!"

तेजल पगारे म्हणजे ऑफिसातल्या दुसऱ्या उपसंचालक, महेशरावांना कनिष्ठ. बाई कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. "आइस्क्रीम तर लगेच वितळतं, सर," त्या म्हणाल्या. "ते ज्याला सांभाळता आलं, त्याला कांदा जड जाणार नाही."

"तुम्ही बघाच! एका पावसाळ्यात पळवून लावतो त्याला. हां, विरोध नाही करायचा. मदत करायची. इतकी मदत करायची, की माणूस गुदमरला पाहिजे!"

कुसाबाईंचा फोन आला. "म्हेश, फ्लेक्स लावू का रं? पोरं दोऱ्या घेऊन हुभी हायेत."

"थांब थोडं, आई."

"मंग तवर कांद्यावर टाकिते. आभाळ लय भरून आलंय." आणि महेशरावांचा हसरा चेहरा त्या दिवशी कांद्याच्या ढिगावर पसरला गेला.

सार्थक बेलसरे आला तो पाठीला सॅक लावून. चाळिशीच्या आतला, दाढी राखलेला, पायांत पळायचे बूट. शिपाई चंदरला वाटलं कुरिअरवालाच आहे, म्हणून त्याने सही कुठे करायची ते विचारलं. केबिनमध्ये आल्या आल्या त्या पोराने खुर्चीवरचा जुना टॉवेल दोन बोटांत धरून उचलला.

"इथे आंघोळ कोण करतं?"

चंदरने डोळेच मिटून घेतले. पुढे तो ऑफिसभर सांगत फिरला, "टावेल काढून ठिवला हो! माह्या हातात दिला, फरशी पुसायला घ्या म्हणला!" महेशरावांना मात्र आतून बरं वाटलं. खुर्ची उघडी पडली होती. म्हणजे तिला अजून मालक मिळाला नव्हता!

"आणि मला सार्थक म्हणा," तो म्हणाला. "मी तुम्हाला महेश म्हणेन. चालेल ना, महेश?"

महेशरावांना महेश म्हणणारी दोनच माणसं जगात होती. एक आई, आणि दुसरे शाळेतले मास्तर, तेही छडी हातात असताना. पण त्यांनी राग गिळला. मदत करायची होती ना!

त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या कपाटांतल्या फायली बाहेर काढून सार्थकच्या टेबलावर रचल्या. फायलींच्या पलीकडे तो दिसेनासा झाला. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "महेश, यांच्यावर मी नेमकं लिहायचं काय?"

महेशराव याच क्षणाची वाट बघत होते. खुर्ची पुढे ओढून त्यांनी जन्मभराची विद्या त्या पोराच्या ओंजळीत घातली. "हे बघा, घाईने निर्णय घ्यायचा नाही. समासात हिरव्या शाईने फक्त दोन शब्द लिहायचे, 'चर्चा करावी'. खाली सही. बस!"

आता ही चर्चा म्हणजे काय, ते सरकारात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. समासात ते दोन शब्द पडले की फाइल बांधून ठेवायची असते. चर्चा करायची नसते! महेशरावांनी अशा किती फायली सुखाने झोपवल्या होत्या त्याची गणतीच नाही. एकदा का बेलसऱ्याने सगळ्यांवर हे लिहिलं, की काम ठप्प, तक्रारी मंत्रालयात, आणि तज्ज्ञ पुन्हा बंगळूरला, असा त्यांचा बेत होता.

सार्थकने संध्याकाळपर्यंत सगळ्या फायलींवर सुवाच्य अक्षरात 'चर्चा करावी' लिहिलं. महेशराव घरी जाताना सीबीएस बसस्थानकावरून पाव किलो पेढे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात, तर ऑफिसच्या जिन्यात ही गर्दी! बांधकाम खात्याचे अभियंते, गोदामवाले, शेतकरी, वजनकाट्यावाले, वीज कंपनीची माणसं.

"काय झालं? मोर्चा आहे का?" त्यांनी घाबरून चंदरला विचारलं.

"चर्चा हाय म्हनं," चंदर म्हणाला. "नव्या सायबानं रातच्याला समद्यास्नी फोन केले."

महेशराव सभागृहात धावले. तिथे एकही खुर्ची नव्हती! सार्थकने सगळ्या खुर्च्या गच्चीवर पाठवल्या होत्या. "उभ्यानेच बोलू," तो उत्साहाने म्हणाला. "कंपनीत आम्ही असंच करायचो. विषय संपला की बसायचं."

सरकारी माणूस बसून वर्षानुवर्षं विरोध करू शकतो, पण उभ्याने त्याला तो झेपत नाही. गुडघे आड येतात! नांदगावच्या गोदामाचं गळकं छप्पर घ्या. पन्हळ हा छताचा भाग आहे की भिंतीचा, यावर दोन खाती इतकी वर्षं पत्रं लिहीत होती, की त्या मुद्द्यावर दोन अभियंते निवृत्त झाले होते. उभ्याने तो वाद चहा येईपर्यंतच टिकला. "छताचा म्हणा, भिंतीचा म्हणा, पण बसू द्या!" असं बांधकामवाले अखेर कळवळून म्हणाले, आणि प्रश्न मिटला.

पोळ्याच्या आत सगळी कपाटं रिकामी झाली. महेशरावांनी सरळ मनाने कुणाचं वाटोळं करायला घेतलं होतं, आणि त्याचं भलं होऊन बसलं. वर्तमानपत्रांत मथळे आले, 'बाहेरच्या तज्ज्ञाने करून दाखवलं!' मंत्रिमहोदय स्वतः नाशिकला आले, सार्थकला शाल घातली. त्या फोटोत मागे एक हार धरलेला हात दिसतो. तो महेशरावांचा. बाकीचे महेशराव छायाचित्रकाराने कापले.

"तुमचा हात छान आलाय हो," त्यांच्या बायको मंगलताई समजूत घालत म्हणाल्या. "अंगठीवरून मी लगेच ओळखला!"

एवढं नाव झाल्यावर व्हायचं तेच झालं. बंगळूरच्या कंपनीने दुप्पट पगार देऊन सार्थकला परत बोलावलं. निरोपाच्या दिवशी तो गहिवरून म्हणाला, "मला इथे सगळं शिकवलं ते महेशने. 'चर्चा करावी' हा मंत्र त्यांचा!" सगळ्या ऑफिसने महेशरावांकडे वळून पाहिलं. तेजल पगाऱ्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

पण खुर्ची रिकामी झाली! महेशराव चहा घेऊन उगीच त्या केबिनवरून चकरा मारू लागले. कपाट उघडून टॉवेल हुंगून पाहिला. वास अजून ताजा होता.

आणि शासनाची जाहिरात आली. तज्ज्ञाच्या देदीप्यमान यशामुळे हे पद यापुढेही बाहेरच्या उमेदवारातूनच भरण्यात येईल. साठवणूक क्षेत्राचा प्रदीर्घ अनुभव हवा. उमेदवार खासगी क्षेत्रात काम करणारा हवा. शासकीय सेवेतले अधिकारी अपात्र.

म्हणजे ज्याने आयुष्यभर त्या ऑफिसात कांदा सांभाळला तो सोडून त्या खुर्चीवर साऱ्या जगाला बसता येणार होतं! महेशराव रात्री जेवले नाहीत. मंगलताईंनी पिठलं गरम केलं, पुन्हा गरम केलं. तिसऱ्यांदा गरम करायला उठल्या, तेव्हा महेशराव ताटावर हात आपटून ओरडले, "मंगल, मी बाहेर जातो!"

"कुठे चाललात एवढ्या रात्री?"

"अगं, तसं नाही! आत राहून खुर्ची मिळत नाही ना? मग मी बाहेर पडतो. राजीनामा देतो, खासगीत लागतो, आणि बाहेरचा तज्ज्ञ म्हणून त्याच खुर्चीवर येऊन बसतो! आहे की नाही?"

मंगलताईंनी पिठल्याचा गॅस बंद केला. त्यांना काही बोलायचं होतं, पण एवढ्या दिवसांनी नवरा हसताना दिसत होता.

खासगी क्षेत्र घरातच होतं. मंगलताईंचा धाकटा भाऊ रंगनाथ, याचा अंबड एमआयडीसीत पंख्यांचा कारखाना. कांदाचाळीत हवा खेळवणारे मोठे पंखे बनवायचा. त्याने लगेच दाजींना 'चीफ स्टोरेज स्ट्रॅटेजिस्ट' करून टाकलं. पद मोठं होतं, कारण पगार लहान होता.

महेशरावांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, आणि काय सांगावं, सरकारने तो लगोलग मंजूर केला! त्यांच्या साऱ्या नोकरीतली ही एकच फाइल अशी, जिच्यावर कुणी 'चर्चा करावी' असं लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी तेजल पगारे त्यांच्या टेबलापाशी आल्या. या वेळी त्या चेष्टेत बोलत नव्हत्या. "सर, अजून विचार करा. शासनाचं धोरण आहे. आज आहे, उद्या नसेल. एकदा बाहेर पडलात की आत यायला चिठ्ठी पाठवावी लागते."

"तेजलताई, मी जातोय कुठे? हा गेलो आणि हा आलो! कपाटाची किल्ली तेवढी चंदरकडे असू द्या. आतला माल हलवायचा नाही."

अंबडला महेशरावांचे हाल कुत्रा खाईना. सकाळी यंत्रावर अंगठा लावायचा, उशीर झाला की यंत्र बाईच्या आवाजात सगळ्यांदेखत सांगायचं. वाजवायला घंटी नव्हती आणि असती तरी यायला चंदर नव्हता. चहा स्वतः जाऊन मशीनमधून काढायचा. पहिल्या दिवशी त्यांनी कपाऐवजी सदऱ्यावरच काढला. आणि रंगनाथ, जो लग्नात दाजींचे बूट पळवून शंभर रुपयांसाठी रडला होता, तो आता विचारायचा, "दाजी, या आठवड्याचं टार्गेट काय?"

"टार्गेट आलं की कळवतो," महेशराव म्हणायचे.

"दाजी, ते तुम्हीच द्यायचंय!"

पण त्यांनी सगळं सोसलं. डोळ्यांपुढे खुर्ची होती. इंटरनेटवर त्यांनी हाताची घडी घातलेला फोटो टाकला. मंत्रालयात मुलाखतीला गेले ते पळायचे बूट घालून, पाठीला भाच्याची सॅक लावून.

मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "सरकारी यंत्रणेतली मुख्य अडचण कोणती वाटते तुम्हाला?"

"तिथले अधिकारी, सर!" महेशराव कळवळून म्हणाले. "काही ठरवतच नाहीत. जिथे तिथे 'चर्चा करावी' लिहून फाइल दडपून टाकतात. असल्या लोकांमुळे देश मागे राहिलाय!"

"वा! बाहेर राहून इतकं बारकाईने कसं कळलं तुम्हाला?"

"खोल अभ्यास आहे, सर."

आणि निवड झाली! खरंच झाली! मंगलताईंनी सोसायटीत पेढे वाटले. लिफ्टमधला तो पाहुणा पुन्हा आला होता, त्याने जिना धरला. नांदगावला कुसाबाईंनी नवा फ्लेक्स छापला, यात महेशरावांची हाताची घडी आणि पळायचे बूटही आले होते.

महेशराव सोमवारी रुजू व्हायचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात विधानसभेत गदारोळ उठला. थेट नेमणुकांत आरक्षण कुठे आहे? वर्षानुवर्षं सेवा केलेल्यांनी काय करायचं? विरोधक उठले, सत्ताधाऱ्यांतलेही काही उठले, अधिकाऱ्यांच्या संघटनांनी काळ्या फिती लावल्या. महेशराव टीव्हीपुढे बसून ओरडत होते, "गप्प बसा रे! आत्ता कुठे सुचतंय तुम्हाला?" वर्षापूर्वी असल्याच काळ्या फितीची मागणी त्यांनी स्वतः संघटनेकडे केली होती, पण ते आता कोण आठवणार!

शुक्रवारी सरकारने धोरणच मागे घेतलं. झालेल्या निवडी रद्द. सर्व पदं आतल्या अधिकाऱ्यांमधून, ज्येष्ठतेनुसार पदोन्नतीने भरावीत, असा आदेश निघाला.

ज्येष्ठतेने पुढचा नंबर महेशरावांचा होता. म्हणजे ते आत असते तर! आता तो तेजल पगाऱ्यांचा होता.

कुसाबाईंचा फोन आला. लेकाचा आवाज ऐकूनच त्या समजल्या. "असू दे रं बाबा. जिवाला लावून घेऊ नको." मग हळूच म्हणाल्या, "ह्यो नवा फ्लेक्स बी लय चांगल्या कापडाचा हाय. दुसरा ढीग झाकला त्यानं. आता एकच ढीग उघडा राह्यला... आजून कुठं निवड व्हनार हाय का तुही?"

पुढच्या महिन्यात रंगनाथने दाजींना पंख्यांची माहितीपत्रकं देऊन त्याच ऑफिसात पाठवलं. नोकरी होती, जावंच लागलं. दारात चंदरने त्यांना पाहिलं, सवयीने उठून सलाम ठोकला, आणि मग खाली मान घालून म्हणाला, "सायेब, चिठ्ठी द्यावी लागंल. अन् भेटायची येळ दुपारच्याला तीननंतरची हाय. नियम तुमचाच हाय."

नियम त्यांचाच होता. महेशराव बाकावर बसून राहिले. त्या बाकाचा एक पाय लंगडा आहे, हे इतक्या वर्षांत त्यांना आज कळलं.

चिठ्ठी आत गेली आणि तीन वाजायची वाट न पाहता तेजल पगारे स्वतः दारापर्यंत आल्या. "अहो सर, बाहेर काय बसलात? या ना, या!" बाईंच्या आवाजात कुठेही कुचेष्टा नव्हती. ती असती तर महेशरावांना सोपं गेलं असतं.

आत डांबरगोळीचा वास येत होता. महेशरावांनी वर पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र, जाडजूड टॉवेल. कडेला बारीक निळी रेघ.

"मला हे टॉवेलबिवेल आवडत नाही, सर," तेजलताई म्हणाल्या. "पण चंदर ऐकेना. कुठलंसं जुनं कपाट रिकामं करताना सापडला म्हणे. कोराच होता. खूप छान निवडलाय कुणीतरी. पाठीला बरा वाटतो."

"हो," महेशराव म्हणाले. "टेकून बघितला होता."

"काय म्हणालात?"

"काही नाही. पंख्यांची माहिती आणलीय." त्यांनी पत्रकं टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसले. तिला टॉवेल नव्हता.